बालकांतील न्यूमोनियाचे कारणनिदान : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूंमागे न्यूमोनिया हे आजही एक प्रमुख कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४० हजारांहून अधिक बालके या आजाराने दगावली. या वयोगटातील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण १४ टक्के होते. न्यूमोनिया ओळखणे तुलनेने सोपे असले, तरी तो कोणत्या जंतूमुळे झाला हे सांगणे अतिशय कठीण असते. ही अडचण कशातून निर्माण होते, तिच्यावर कोणते मार्ग शोधले गेले आणि ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग नागरी पट्ट्यात त्यांचा कसा उपयोग होऊ शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. एका बालकाच्या उपचारासाठी करावयाचे निदान आणि लोकसमूहातील कारणांचा शोध या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत झाल्यास दोन्ही ठिकाणी हानी होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : न्यूमोनिया, कारणनिदान, श्वासगती, प्रतिजैविके, आरएसव्ही, लसीकरण.

प्रस्तावना

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोशांचा दाह. वायुकोशांत पू किंवा द्रव साचल्याने प्राणवायू रक्तात मिसळण्याची क्रिया मंदावते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी बालक वेगाने श्वास घेऊ लागते. मराठी कुटुंबांत या अवस्थेला नवे नाव देण्याची गरज कधीच पडलेली नाही. ‘पोट उडते’, ‘धाप लागली’, ‘बरगड्या ओढल्या जातात’ अशा शब्दांत आया ती नेमकी सांगतात. काही भागांत ‘डबा’ हा शब्दही रूढ आहे. आजार लोकांना माहीत आहे. कारणाविषयी मात्र डॉक्टर, प्रयोगशाळा व पालक या तिघांमध्येही बराच संभ्रम आढळतो.

या संभ्रमाचे व्यवहारातील परिणाम गंभीर आहेत. कारण जीवाणू असेल तर प्रतिजैविक वेळेवर मिळणे हा बालकाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. कारण विषाणू असेल तर तेच प्रतिजैविक निरुपयोगी ठरते आणि त्याच्या अनावश्यक वापराने औषधांना न जुमानणारे जीवाणू वाढतात. क्षयरोग असेल तर नेहमीची औषधे देत राहिल्याने मौल्यवान आठवडे वाया जातात. त्यामुळे ‘हा न्यूमोनिया कशाचा?’ हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

कारणाच्या शोधाचा इतिहास

१८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर व अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतंत्रपणे न्यूमोकॉकस हा जीवाणू शोधला. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी बर्लिन येथे न्यूमोनियाने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसातील जीवाणू स्पष्ट दिसावेत म्हणून एक रंजनपद्धती विकसित केली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज परिचित असलेले ‘ग्रॅम रंजन’ अशा प्रकारे न्यूमोनियाच्याच अभ्यासातून जन्मले. १९५० च्या दशकात आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू आढळला आणि लवकरच तो तान्ह्या मुलांच्या छातीच्या आजारांशी जोडला गेला. १९८० च्या दशकात पीसीआर तंत्र आले आणि जंतूंच्या जनुकद्रव्याचा अत्यल्प अंशही ओळखता येऊ लागला.

साधने अशी सूक्ष्म होत गेली, तशी उत्तरे अधिक निश्चित होतील अशी अपेक्षा होती. बालकांच्या बाबतीत ती पूर्ण झाली नाही.

निदानातील मूळ अडचण

मूळ अडचण नमुन्याची आहे. आजार फुप्फुसात खोलवर असतो आणि तपासणी मात्र अन्यत्र करावी लागते. प्रौढ रुग्ण खोकून बेडका काढून देऊ शकतो. लहान मूल तो गिळते. फुप्फुसात सुई घालून द्रव काढण्याची पद्धत पापुआ न्यू गिनी व गांबिया येथील अभ्यासांत वापरली गेली आणि गंभीर आजारी मुलांपैकी अनेकांच्या फुप्फुसांत जीवाणू असल्याचे तिने दाखवले. तथापि ही पद्धत दैनंदिन व्यवहारात सर्वत्र वापरण्याजोगी नाही.

उरलेल्या चाचण्यांच्या मर्यादा पुढीलप्रमाणे सांगता येतील.

रक्ताचे कल्चर : जीवाणू फुप्फुसातून रक्तात उतरला असेल तरच तो येथे सापडतो. न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांपैकी सामान्यतः दहांपेक्षाही कमी मुलांत ही चाचणी जंतू दाखवते. आधी प्रतिजैविकाची एखादी मात्रा पोटात गेली असेल तर ही शक्यता आणखी घटते. कल्चर निरंक येणे म्हणजे जीवाणू नाही असा अर्थ होत नाही.

क्ष-किरण चित्र : फुप्फुसाच्या एका खंडातील दाट पांढरा भाग जीवाणूकडे, तर दोन्ही बाजूंची पसरट छाया विषाणूकडे बोट दाखवते, असे शिकवले जाते. प्रत्यक्षात दोहोंची सरमिसळ इतकी असते की केवळ चित्रावरून जंतू ठरवता येत नाही. एकाच चित्राचे वाचन दोन तज्ज्ञ वेगवेगळे करतात. ही तफावत कमी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये वाचनाचे प्रमाणित निकष ठरवले. मात्र ते प्रामुख्याने लसींच्या अभ्यासासाठी होते, रोजच्या उपचारासाठी नव्हते.

रक्तातील दाहदर्शक चाचण्या : सीआरपी अथवा पांढऱ्या पेशींची संख्या फार वाढलेली असल्यास जीवाणूची शक्यता वाढते. मधल्या मूल्यांबाबत त्या मौन बाळगतात.

नाक व घशातील स्रावाची पीसीआर चाचणी : ही सर्वांत संवेदनक्षम आणि म्हणूनच सर्वांत फसवी चाचणी होय. न्यूमोकॉकस हा अनेक निरोगी मुलांच्या नाकघशात कोणताही त्रास न देता वास्तव्य करतो. सर्दीचे विषाणू बरे झाल्यानंतरही काही आठवडे आपला माग सोडून जातात. जंतू सापडला म्हणजे तोच दोषी, असे येथे म्हणता येत नाही.

निरोगी मुलांची तुलना : पर्च अभ्यासाचा धडा

या अखेरच्या अडचणीवर उत्तर शोधण्यासाठी ‘पर्च’ या नावाने ओळखला जाणारा मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. २०११ ते २०१४ या काळात बांगलादेश, थायलंड, केनिया, गांबिया, माली, दक्षिण आफ्रिका व झांबिया या सात देशांत तो झाला आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल झालेली ४,२३२ बालके आणि त्याच वस्त्यांतील न्यूमोनिया नसलेली ५,११९ बालके यांची सारखीच तपासणी करण्यात आली. दोन्ही गटांतील जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नाकघशात एक तरी जंतू आढळला. केवळ रुग्णांचीच तपासणी झाली असती तर प्रत्येकाचे ‘कारण सापडले’ असे जाहीर करता आले असते आणि ते चुकीचे ठरले असते.

या तुलनेमागील तर्क एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एक विषाणू १०० आजारी मुलांपैकी ३० जणांत आणि १०० निरोगी मुलांपैकी ३ जणांत आढळला. आजारी मुलात तो दिसल्यास तोच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरा विषाणू दोन्ही गटांत प्रत्येकी २० जणांत आढळला, तर त्याच्या सापडण्यातून काहीच निष्पन्न होत नाही. चाचणी तीच, तिची अचूकताही तीच. अर्थ मात्र तुलनेमुळे ठरतो. संख्याशास्त्र, समाजशास्त्र अथवा शिक्षणशास्त्र अशा कोणत्याही विषयाच्या संशोधकाला तुलनागटाचे महत्त्व पटवून देण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

अशा तुलनेतून आलेले अनुमान लक्षणीय होते. एचआयव्हीबाधा नसलेल्या आणि क्ष-किरण चित्रात दोष दिसलेल्या मुलांत सुमारे ६१ टक्के न्यूमोनिया विषाणूजन्य, २७ टक्के जीवाणूजन्य आणि सुमारे ६ टक्के क्षयरोगाचा होता. एकट्या आरएसव्हीचा वाटा ३१ टक्के होता. हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. या अभ्यासात भारतातील एकही केंद्र नव्हते. तसेच तेथील बहुतेक देशांत हिब व न्यूमोकॉकसविरोधी लसी आधीच सुरू झालेल्या होत्या. त्यामुळे जीवाणूंचा वाटा घटलेला असणे स्वाभाविक होते.

लस हेच निदानाचे साधन

कारण शोधण्याचा आणखी एक मार्ग अप्रत्यक्ष आहे. एखाद्या जंतूविरुद्ध लस दिल्यावर न्यूमोनियाचे जे प्रमाण घटते, तितका न्यूमोनिया किमान त्या जंतूमुळे होत होता असे मानता येते. गांबियात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिब लसीमुळे क्ष-किरण चित्रात दिसणारा न्यूमोनिया २१ टक्क्यांनी कमी झाला. त्याच देशात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत न्यूमोकॉकसविरोधी लसीने तो ३७ टक्क्यांनी आणि एकूण बालमृत्यू १६ टक्क्यांनी घटवले. रक्ताच्या कल्चरमधून या जीवाणूंचा जो वाटा दिसत होता, त्यापेक्षा हे प्रमाण कितीतरी मोठे होते. प्रयोगशाळेला न दिसलेले कारण लसीने उघड केले.

भारतात हिब घटक असलेली पंचगुणी लस डिसेंबर २०११ पासून टप्प्याटप्प्याने आणि न्यूमोकॉकसविरोधी लस २०१७ पासून निवडक राज्यांत सुरू झाली. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर दुसऱ्या लसीचा विस्तार झाला. ती बालकाच्या वयाच्या सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात दिली जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या अशाच लसीला २०१९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. त्यामुळे एखाद्या बालकाच्या न्यूमोनियाचे कारण अजमावताना त्याचे लसीकरण पत्रक पाहणे हा आज निदानाचाच भाग ठरतो.

गडचिरोलीचा अनुभव : कारण न शोधता वाचवलेली बालके

महाराष्ट्राने या विषयाला दिलेले सर्वांत मोलाचे योगदान गडचिरोलीतून आले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ पासून केलेल्या क्षेत्रीय प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ५८ गावांत ग्रामीण आरोग्यसेवक व दाया यांना न्यूमोनिया ओळखण्याचे आणि त्यावर को-ट्रायमोक्सॅझोल हे प्रतिजैविक देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले; ४४ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर प्रयोगाच्या गावांत ८.१ इतके आढळले, म्हणजे ५४ टक्क्यांनी कमी. अंकज्ञान नसलेल्या दायांनाही श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांच्या साध्या साधनाचा वापर करण्यात आला.

या प्रयोगात एकाही बालकाच्या न्यूमोनियाचा जंतू ठरवला गेला नाही. ‘न्यूमोनिया आहे काय’ आणि ‘तो किती गंभीर आहे’ या दोनच प्रश्नांची उत्तरे मिळवून, जीवाणूची शक्यता गृहीत धरून, औषध घरापर्यंत पोहोचवण्यात आले. काही विषाणूजन्य आजारांवरही प्रतिजैविक दिले गेले असणार. परंतु जेथे डॉक्टर व रुग्णालय दूर होते, तेथे ती किंमत वाचलेल्या जिवांच्या तुलनेत अल्प होती.

विदर्भातच मेळघाटात ‘महान’ या संस्थेने २०१६ ते २०१८ या काळात आरएसव्हीचा समाजपातळीवर शोध घेतला. घरी दगावलेल्या बालकांचाही त्यात विचार करण्यात आला. रुग्णालयापर्यंत न पोहोचलेले मृत्यू वगळून केलेली कारणमीमांसा अपुरी असते, हे त्यातून अधोरेखित झाले.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर : वेगळी परिस्थिती

गडचिरोलीहून ठाणे जिल्ह्याकडे वळल्यास प्रश्नाचे स्वरूप बदलते. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. फाळणीनंतर विस्थापित सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवण्यात आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘कॅम्प’ क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या त्या शहरात घरे, दुकाने व लघुउद्योग एकमेकांना खेटून आहेत. अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती आहेत आणि बदलापूरभोवतालच्या डोंगरपायथ्याला आदिवासी पाडे आहेत. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय हे या पट्ट्यातील शासकीय उपचारांचे मुख्य केंद्र आहे.

येथे औषधाचे दुकान, खासगी दवाखाना आणि रक्त तपासणारी प्रयोगशाळा सहसा चालत जाण्याच्या अंतरावर असते. औषध न मिळण्याइतकाच ते अकारण मिळण्याचा धोका येथे आहे. साध्या सर्दीवर प्रतिजैविक, अर्धवट सोडलेला औषधक्रम, दवाखाना बदलताच नवे औषध आणि या साऱ्यानंतर केलेले निरंक कल्चर, ही साखळी शहरी भागांत सर्वपरिचित आहे. गडचिरोलीत कारण न शोधणे हा शहाणपणाचा निर्णय होता. शहरात कारणाचा विचारच न करणे तसे ठरत नाही.

याखेरीज, श्वासाचा त्रास म्हणजे जंतुसंसर्गच असे येथे गृहीत धरता येत नाही. २०१४ साली वालधुनी नदीपात्रात सोडलेल्या रसायनांच्या वायूमुळे उल्हासनगरात अनेकांना त्रास होऊन रुग्णालयात दाखल करावे लागले होते. दमा, श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा, चुकून प्यायलेले रॉकेल, तान्ह्या बाळाच्या नाकात सोडलेले तेल फुप्फुसात उतरणे, अशी कारणेही न्यूमोनियासारखेच चित्र निर्माण करतात. चुलीचा धूर, दाटीची वस्ती, कुपोषण व अपुरे स्तनपान हे घटक स्वतः जंतू नसले तरी जंतूला वाट करून देतात. ‘कारण’ या शब्दाचे रोगकारक जंतू आणि रोगास अनुकूल परिस्थिती हे दोन अर्थ वेगळे ठेवले नाहीत तर उपाय कोणी व कोठे योजावा हेच कळेनासे होते.

क्रमबद्ध निदानाची रूपरेषा

वरील विवेचनावरून दवाखान्यातील निदानाचा क्रम चार प्रश्नांत मांडता येतो.

पहिला प्रश्न : न्यूमोनिया आहे काय? खोकला किंवा श्वासास त्रास असलेल्या, शांत असलेल्या बालकाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० वा अधिक, दोन ते अकरा महिन्यांत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक श्वास हे जलद मानले जातात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे हे अधिक महत्त्वाचे लक्षण आहे. छातीत शिट्टीसारखा आवाज येत असल्यास श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन पुन्हा श्वास मोजावेत. त्यामुळे दम्याची काही मुले अनावश्यक प्रतिजैविकापासून वाचतात.

दुसरा प्रश्न : आजार किती गंभीर आहे? अंगावर पिता न येणे, सतत उलट्या, झटके, ग्लानी किंवा पल्स ऑक्सिमीटरवर ९० टक्क्यांखाली प्राणवायू दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास बालकाला तातडीने रुग्णालयात न्यावे. दोन महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत जलद श्वासही पुरेसा समजावा. कारणाच्या शोधासाठी हे कधीही थांबवू नये.

तिसरा प्रश्न : उपचार बदलणारे एखादे विशिष्ट कारण दिसते काय? दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन घटणे, घरात क्षयरुग्ण असणे यांवरून क्षयरोगाचा संशय घ्यावा. जठरातील द्रव अथवा शौचाच्या नमुन्यावरही आता त्याची जनुकीय चाचणी होऊ शकते. अंगावर गळवे आणि झपाट्याने खालावणारी प्रकृती स्टॅफिलोकॉकसकडे, तर ताप, पुरळ व लाल डोळे गोवराकडे निर्देश करतात. २०२२ मध्ये मुंबई व भिवंडी परिसरात गोवराची साथ आली होती, हे ध्यानात ठेवणे इष्ट होय. खाताना एकदम ठसका लागून सुरू झालेला त्रास बाह्य वस्तूचा असू शकतो. पाच वर्षांवरील मुलात दीर्घ कोरडा खोकला मायकोप्लाझ्माची शक्यता सुचवतो. यांतील बहुतेक सूचना पालकांना विचारलेल्या प्रश्नांतूनच मिळतात.

चौथा प्रश्न : चाचणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे काय? तसे नसल्यास ती टाळावी. घरी उपचार होण्याजोग्या बालकाला रक्ताचे कल्चर वा क्ष-किरण चित्राची सहसा गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ मधील सुधारित वर्गीकरणानुसार जलद श्वास असलेल्या, तसेच केवळ छाती आत ओढली जात असलेल्या बालकांनाही तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देऊन घरी उपचार करता येतात आणि दोन-तीन दिवसांनी फेरतपासणी करता येते. गंभीर बालकाचे कल्चर मात्र शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी घ्यावे. फेरतपासणी हीदेखील एक प्रकारची चाचणीच आहे. औषधाला मिळणारा प्रतिसाद कारणाविषयी बरेच काही सांगून जातो.

समूहपातळीवरील गरज

एका बालकासाठी जे टाळावे, ते समाजासाठी करणे आवश्यक ठरते. कोणत्या महिन्यांत आरएसव्ही पसरतो, लसीनंतर न्यूमोकॉकसचे कोणते प्रकार उरले आहेत, कोणत्या औषधांना तो दाद देत नाही, यांची उत्तरे मिळाल्याशिवाय उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे परिस्थितीनुरूप राहत नाहीत. आरएसव्हीपासून तान्ह्या मुलांना संरक्षण देणारे प्रतिपिंड औषध व गर्भवतींसाठीची लस यांना २०२२-२३ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली. अशा खर्चिक उपायांवर निधी खर्च करावा काय, हे ठरवण्यासाठी स्थानिक माहितीच उपयोगी पडते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘सांस’ मोहिमेने, न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू २०२५ पर्यंत दर हजार जिवंत जन्मांमागे तीनच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. अशा उद्दिष्टांचे मोजमापही नोंदींच्या दर्जावर अवलंबून असते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अंबरनाथ व गडचिरोली या दोन्ही ठिकाणांचा समावेश आहे. या योगायोगाचे संधीत रूपांतर करता येईल. रुग्णालयातील बालकांबरोबरच लसीकरणास येणाऱ्या निरोगी बालकांच्या नाकातील स्रावांची वर्षभर तपासणी, आधी घेतलेल्या औषधांची काटेकोर नोंद आणि घरी झालेल्या मृत्यूंची चौकशी हे तीन घटक असलेला अभ्यास या पट्ट्यात आखता येण्याजोगा आहे. परिसरातील महाविद्यालयांचे सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल व समाजकार्य विभाग त्यास मोलाचे साहाय्य करू शकतात. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थाही पुण्यात, म्हणजे राज्यातच आहे.

समारोप

बालकांतील न्यूमोनियाचे कारण बहुतेक वेळा थेट दिसत नाही. ते वय, ऋतू, लसीकरण, लक्षणे व औषधाला मिळालेला प्रतिसाद यांवरून अनुमानाने ठरवावे लागते. अशा अनिश्चिततेतही योग्य निर्णय घेता येतो, हे गडचिरोलीने दाखवले. सापडलेला जंतू हा तुलनेशिवाय कारण ठरत नाही, हे पर्च अभ्यासाने दाखवले. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील डॉक्टर, अध्यापक व पालक यांना या दोन्ही धड्यांची गरज आहे. श्वास मोजण्यास लागणारे एक मिनिट प्रत्येक दवाखान्यात उपलब्ध आहे आणि तेथूनच निदानाची सुरुवात व्हावयास हवी.